ससा उठला तरी थांबणारा कुत्रा : नागपूर परिसरात कळप हाकणाऱ्या जातीचे कुत्रे तयार करताना

नागपूरबाहेर काटोल, हिंगणा किंवा उमरेडच्या रस्त्याला ज्यांचे थोडेफार वावर आहे आणि ज्यांनी हौसेने बॉर्डर कॉली किंवा जर्मन शेफर्ड पाळला आहे, त्यांच्यापैकी बहुतेकांना पहिल्याच हिवाळ्यात एक प्रसंग अनुभवाला येतो. हरभऱ्याच्या कडेने चालताना पायाजवळून ससा उठतो, कुत्रा क्षणभर जागच्या जागी खिळतो आणि मग धुरा ओलांडून असा सुटतो की मालकाच्या हाका वाऱ्यावर जातात. दहा मिनिटांनी तो जीभ बाहेर काढून परततो, तेव्हा मालकाच्या मनात दोन प्रश्न असतात. हा आपल्या हातचा राहिला आहे का, हा पहिला. आणि याला नीट शिकवले तर हा ससे धरून देईल का, हा दुसरा. हा लेख पहिल्या प्रश्नासाठी लिहिला आहे, पण दुसऱ्याचा निकाल आधी लावल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार आपल्याकडचा रानससा संरक्षित प्राणी आहे. एकेकाळी परवाना काढून होणारी शिकार १९९१ च्या दुरुस्तीने बंद झाली आणि २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची फेरमांडणी झाली, तरी सशाचे संरक्षण कायम राहिले. नवख्या माणसाला सहसा ठाऊक नसलेली गोष्ट पुढे आहे. या कायद्याच्या कलम २(१६) मधील ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत प्राणी मारण्याबरोबरच तो पकडणे, त्याचा पाठलाग करणे, त्याला फासात अडकवणे, त्याला हाकणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे, हे सारे येते. म्हणजे कळप हाकणाऱ्या जातीचा कुत्रा जे काम उपजत जाणतो, तेच हाकण्याचे काम सशावर करवून घेतले, तर ससा हाती लागो वा न लागो, ती शिकारच ठरते. जमीन स्वतःच्या मालकीची आहे, हा बचाव चालत नाही. सर्वसाधारण गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते; अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात तोच प्रकार घडला, तर शिक्षा किमान तीन वर्षांपासून सुरू होऊन सात वर्षांपर्यंत जाते. त्यामुळे ‘फक्त पळवतो, मारत नाही’ असे म्हणणाऱ्यांनी हा खेळ आजच थांबवावा.

कुत्र्याकडून ससे धरवण्याची ही कल्पना आली कुठून, हेही थोडक्यात पाहू. मराठीत आपण ज्याला सरसकट ससा म्हणतो, ते खरे तर दोन वेगळे प्राणी आहेत. युरोपातला बिळे करून वसाहतीने राहणारा ससा १८५९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांतात थॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदाराने शिकारीच्या हौसेपायी सोडला आणि पुढे त्याने तिथली कुरणे अक्षरशः फस्त केली; त्यामुळे तिथे ससे मारणे हे शेतीरक्षणाचे काम मानले जाते. इंग्लंडमध्ये २००४ च्या शिकारबंदी कायद्याने कुत्र्यांच्या साहाय्याने वन्य सस्तन प्राण्यांची शिकार करण्यावर बंदी आली, पण बिळातला ससा आणि उंदीर यांना त्यातून काही अटींवर वगळले गेले. मोकळ्या रानातला मोठा ससा मात्र बंदीतच राहिला. तिथे ग्रेहाउंड आणि कॉली यांच्या संकरातून ‘लर्चर’ नावाचे कुत्रे मुद्दाम तयार केले गेले, कारण ग्रेहाउंडकडे वेग होता आणि कॉलीकडे मालकाचे ऐकण्याची वृत्ती. विदर्भात मात्र बिळातला ससा जंगली अवस्थेत नाहीच. आपल्याकडे तो पिंजऱ्यात पाळलेला असतो आणि वावरात उठतो तो रानससा, जो बीळ न करता गवतातल्या उथळ खोलगट जागेत दबून बसतो. परदेशी मजकूर वाचून इथे प्रयोग करणाऱ्यांची पहिली गल्लत इथेच होते.

हाकणारा, धरणारा आणि राखणारा

शिकवणीला हात घालण्यापूर्वी कुत्र्याच्या डोक्यात काय चालते, हे समजून घेणे आवश्यक आहे. लांडगा करतो ती शिकार ही एक साखळी असते: सावज हेरणे, नजर रोखणे, दबकत जाणे, पाठलाग करणे, पकडणे, ठार करणे आणि फाडून खाणे. माणसाने निवड करत करत वेगवेगळ्या जातींमध्ये या साखळीच्या वेगवेगळ्या कड्या बळकट केल्या आणि काही दुबळ्या केल्या. बॉर्डर कॉलीमध्ये नजर रोखणे, दबकणे आणि पाठलाग करणे या कड्या कमालीच्या ठळक आहेत, तर पकडणे आणि ठार करणे या दाबून टाकलेल्या आहेत. मात्र दाबलेल्या म्हणजे नाहीशा झालेल्या नव्हेत, हे ध्यानात ठेवावे. आपल्याकडचे कारवानी आणि मुधोळ कुत्रे याच्या उलट टोकाला आहेत. ते डोळ्यांनी सावज टिपतात, सरळ रेषेत पळतात आणि धरतात.

फरक वावरात स्पष्ट दिसतो. ससा पळू लागला की कारवानी त्याच्या मागे सुटतो. कॉली मात्र बाजूने कमान घेऊन त्याच्या पुढे जाऊ पाहतो, कारण पुढून अडवून परत वळवणे हे त्याच्या रक्तात आहे. कळपातली मेंढी वळते. ससा वळत नाही; तो कोलांटी घेतल्यासारखा दिशा बदलतो आणि तुरीत शिरतो. म्हणून कायद्याची बाब क्षणभर बाजूला ठेवली, तरी ससा धरण्याच्या दृष्टीने कॉली हा चुकीचाच कुत्रा आहे, असे माझे मत आहे. त्याचे खरे कसब वेगळ्या ठिकाणी आहे आणि त्याकडे आपण पुढे येऊ.

तिसरा प्रकार राखणाऱ्या कुत्र्यांचा. महाराष्ट्रातल्या धनगरांसोबत किंवा विदर्भात दरवर्षी उंट-मेंढ्या घेऊन येणाऱ्या रबाऱ्यांसोबत जे कुत्रे दिसतात, ते बहुतेक करून कळप हाकत नाहीत. ते लांडग्यापासून आणि चोरापासून कळप राखतात आणि हाकण्याचे काम माणूस आपल्या काठीने व तोंडाच्या आवाजाने करतो. गावातला कुत्रा दिवसभर मेंढ्यांमध्ये झोपलेला पाहून ‘आमचा कॉली असा शांत का नाही’ असे विचारणाऱ्यांना उत्तर एवढेच आहे की दोघांच्या नोकऱ्या निराळ्या आहेत.

पहिली पायरी : पिल्लू निवडणे

नवख्याने पिल्लू आठ आठवड्यांच्या आत घेऊ नये, आईला प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय घेऊ नये आणि शक्य असेल तर कामाच्या कुत्र्यांच्या वंशातले पिल्लू मुद्दाम टाळावे. हा शेवटचा सल्ला उफराटा वाटेल. आजच्या बॉर्डर कॉलींचा मूळपुरुष मानला जाणारा ‘ओल्ड हेम्प’ हा कुत्रा १८९३ मध्ये इंग्लंडच्या नॉर्थम्बरलँड परगण्यात जन्मला, आणि त्याच्या वंशातली नजरेची तीव्रता ज्या पिल्लांत उतरली आहे, त्यांना रोज काम द्यावे लागते. त्रिमूर्ती नगरातल्या दोन खोल्यांच्या सदनिकेत असे पिल्लू पंख्याची सावली, स्कूटरची चाके आणि शेजारच्या मुलांच्या सायकली हाकू लागते. जर्मन शेफर्ड हीही मुळात मेंढ्यांचीच जात आहे. १८९९ मध्ये जर्मनीत मॅक्स फॉन श्टेफानिट्झ यांनी ‘होरांड’ नावाच्या कुत्र्यापासून तिची नोंद सुरू केली. स्वभावाने ती नवख्याला अधिक झेपते, पण खरेदीपूर्वी आईवडिलांच्या खुब्याच्या सांध्यांची चौकशी अवश्य करावी.

घरी आणल्यावर रेबीजसह सर्व लसी वेळेवर टोचून घ्याव्यात आणि लसीकरणाचे कार्ड जपून ठेवावे. पिल्लाच्या तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्याच्या दरम्यान जे दिसते, ऐकू येते, ते त्याला पुढे आयुष्यभर ओळखीचे वाटते. म्हणून लस पूर्ण होईपर्यंत पिल्लाला जमिनीवर सोडता येत नसले, तरी कडेवर घेऊन शेळ्या, गाई, कोंबड्या, ट्रॅक्टर आणि आठवडी बाजाराचा गलका दुरून दाखवत राहावे. पाहणे आणि काहीच न करणे हा पिल्लाचा पहिला धडा असतो. तो फुकट मिळतो, आणि बहुतेक लोक तो वाया घालवतात.

दुसरी पायरी : ‘थांब’

या लेखातले सर्वांत महत्त्वाचे काम हेच आहे, म्हणून इथे रेंगाळावे लागेल. बहुतेकजण कुत्र्याला ‘ये’ शिकवतात आणि ससा उठल्यावर ‘ये, ये’ ओरडत बसतात. पळत्या कुत्र्याला पाठ फिरवून परत येणे फार जड जाते, कारण त्यात सावज नजरेआड करावे लागते. जागच्या जागी थांबणे त्यामानाने सोपे असते, कारण थांबून त्याला सावज पाहता येते आणि नजर रोखणे हे तर त्याच्या आवडीचेच काम आहे. म्हणून आधी ‘थांब’ पक्के करावे, ‘ये’ नंतर.

सुरुवात घरात जेवणाच्या भांड्यापासून करावी. भांडे खाली ठेवताना ‘थांब’ एकदाच म्हणावे, पिल्लू पुढे सरकले तर भांडे उचलावे, थांबले तर ‘घे’ म्हणून द्यावे. हे आठवड्याभरात जमते. त्यानंतर फाटकापाशी, मग गच्चीवर, मग मोकळ्या मैदानात हाच शब्द न्यावा. मैदानात जाताना सुमारे दहा मीटर लांबीची चपटी सुती किंवा नायलॉनची दोरी वापरावी आणि ती गळ्यातल्या पट्ट्याला न बांधता छातीवरच्या हार्नेसला बांधावी, कारण पूर्ण वेगात असलेल्या कुत्र्याची दोरी संपली की मानेला बसणारा हिसका त्याला जायबंदी करू शकतो. दोरी धरणाऱ्याने हातमोजे घालावेत. मी पहिल्या महिन्यात ते घातले नाहीत आणि उजव्या तळहाताची सालटी निघून पंधरा दिवस पोळी लाटणेही कठीण झाले होते.

शब्द उच्चारण्याची रीत अशी आहे. कुत्रा आपल्यापासून दूर जात असताना साध्या, खालच्या पट्टीतल्या आवाजात एकदाच ‘थांब’ म्हणावे. तो न थांबल्यास शब्द पुन्हा न उच्चारता दोरीवर हळूहळू, न हिसकता ताण आणावा. तो थांबताच आपण चालत त्याच्याजवळ जावे आणि खाऊ त्याच्या तोंडाशी द्यावा. त्याला जवळ बोलावून खाऊ दिला, तर ‘थांब’ याचा अर्थ ‘मालकाकडे पळ’ असा होतो आणि दूरवर थांबण्याची किंमत त्याच्या लेखी उरत नाही. बारीकसारीक वाटणारी ही गोष्ट न पाळल्यामुळे कित्येकांचे कुत्रे पाच फुटांवर थांबतात, पण पन्नास फुटांवर थांबत नाहीत.

शब्दाच्या जोडीला शिट्टी घ्यावी. वारा उलटा असेल किंवा मालक घाबरलेला असेल, तर माणसाचा आवाज बदलतो. शिट्टीचा बदलत नाही. एक लांब फुंकर म्हणजे थांब, हे ठरवून टाकावे आणि घरातल्या प्रत्येकाने तीच वापरावी.

पुढचा टप्पा हलत्या वस्तूचा. बांबूच्या काठीला दोरी बांधून दोरीच्या टोकाला जुन्या कापडाची गुंडाळी बांधावी आणि दुसऱ्या माणसाने ती जमिनीवरून सशासारखी वाकडीतिकडी ओढावी. कुत्र्याच्या अंगात उधाण येईल. त्याच वेळी ‘थांब’ म्हणावे आणि तो थांबला तर बक्षीस म्हणून खाऊ न देता ‘जा’ म्हणून तीच गुंडाळी पकडू द्यावी. थांबल्यानेच पाठलाग मिळतो, हा हिशेब एकदा त्याच्या डोक्यात बसला की तुमचे निम्मे काम झाले. वाढीच्या वयात उड्या आणि अचानक वळणे सांध्यांना बाधतात, म्हणून साधारण वर्ष-दीड वर्षापर्यंत गुंडाळी जमिनीलगतच ठेवावी आणि खेळ दोन-तीन मिनिटांत आवरावा.

काहीजण या कामासाठी पाळीव ससा विकत आणून पिंजऱ्यातून सोडतात. हे करू नये. केवळ करमणुकीसाठी एखाद्या प्राण्याला दुसऱ्याचे सावज म्हणून बांधून ठेवणे किंवा त्याच्यावर कुत्रा घालणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० खाली गुन्हा आहे, आणि शिवाय ज्या कुत्र्याला एकदा तोंडात ससा आल्याचा अनुभव मिळाला, त्याला कापडाच्या गुंडाळीत रस उरत नाही. विजेचा झटका देणाऱ्या पट्ट्याविषयीही माझे मत प्रतिकूल आहे. झटका बसताना कुत्रा ज्याच्याकडे पाहत असेल त्याच्याशी तो वेदनेची सांगड घालतो, आणि ते कधी ससा असते तर कधी पांदणीने चाललेले शाळकरी पोर.

तिसरी पायरी : सशाच्या रानात

गुंडाळीवर खात्रीने थांबणारा कुत्रा खऱ्या सशावर थांबेलच असे नाही, म्हणून सशापासूनच्या अंतराचा उपयोग करावा. ससे पहाटे आणि तिन्हीसांजेला चरतात व दिवसा दबून बसतात. हिवाळ्यात सूर्य उगवल्यानंतर ओळखीच्या शेतकऱ्याची परवानगी घेऊन, दोरी लावूनच, हरभऱ्याच्या किंवा पडीक बरडाच्या कडेने चालावे. हेतू ससा उठवण्याचा नसावा; वाटेत उठलाच तर काय करायचे, एवढीच तयारी असावी. झुडपांत शिरून शोध घेऊ नये.

इथे माणसाने पाहायचे ते कुत्र्याकडे. ससा तुम्हाला दिसण्याआधी कुत्र्याला जाणवतो. कान पुढे येतात, मान खांद्यांच्या पातळीवर उतरते, शेपूट खाली पडते, कधी एक पुढचा पाय अर्धवट उचललेला राहतो आणि श्वास थांबल्यासारखा वाटतो. ही अवस्था एक-दोन क्षण टिकते आणि तुमच्या हातात तेवढेच क्षण असतात. या वेळी दिलेले ‘थांब’ ऐकले जाते. तो सुटल्यानंतर दिलेले जवळजवळ कधीच नाही. सुटलाच, तर ओरडत राहू नये, कारण ऐकूनही न मानलेला प्रत्येक शब्द झिजतो. दोरीवर पाय द्यावा, उभे राहावे, तो परतला की रागावू नये आणि पुढच्या दिवशी अंतर दुप्पट करावे.

माझी मैना, म्हणजे आमची कॉली, खऱ्या सशावर पहिल्यांदा थांबली तेव्हा ती चौदा महिन्यांची होती. कळमेश्वरच्या बाजूला सत्तर-ऐंशी पावलांवर ससा उठला, मी शिट्टी वाजवली, आणि ती आडवी पडून त्याला दिसेनासा होईपर्यंत पाहत राहिली. त्याआधीच्या हिवाळ्यात ती अकरा वेळा सुटली होती. नवख्यांनी दुसरा आकडा लक्षात ठेवावा.

दोरी केव्हा काढावी, याचा माझा ठोकताळा असा आहे: तीन वेगवेगळ्या ठिकाणी, तीन आठवडे, एकदाही दोरी ताणावी लागली नाही तरच. अंबाझरी, गोरेवाडा किंवा सेमिनरी हिल्सच्या झाडीत मात्र कधीच काढू नये. गोरेवाड्यात आणि अंबाझरीच्या बाजूला बिबट्याचा वावर आढळला आहे. पेंच, बोर, मानसिंगदेव आणि उमरेड-पवनी-कऱ्हांडला यांसारख्या संरक्षित क्षेत्रांच्या हद्दीजवळ पाळीव कुत्रा नेऊच नये. कुत्र्यांचा डिस्टेंपर हा रोग जंगली मांसाहारी प्राण्यांनाही होतो, आणि २०१८ मध्ये गीरच्या जंगलातले सिंह त्याने दगावले होते.

चौथी पायरी : त्याला त्याचे काम देणे

थांबायला शिकवले आणि काम दिले नाही, तर कुत्रा कुढतो. ज्याला सशामागे धावण्याची एवढी ओढ आहे, त्याला शेळ्या द्याव्यात. विदर्भात मेंढ्या कमी आणि बेरारी शेळ्या घरोघर, म्हणून परदेशी चित्रफितींत दिसणारे मेंढ्यांचे तंत्र इथे जसेच्या तसे लागू पडत नाही. मेंढ्या धोका दिसताच एकमेकींना चिकटतात. शेळ्या विखुरतात, बोरीच्या झुडपावर चढतात, आणि एखादी धीट शेळी वळून कुत्र्यावर डोके रोखते.

कुत्रा दहा-बारा महिन्यांचा झाल्यावर, पाच-सहा तरण्या आणि कुत्र्यांना सरावलेल्या शेळ्या निवडाव्यात. गाभण शेळ्या, पिल्ले आणि मोठ्या शिंगांचा बोकड बाजूला काढावा. जागा गोल असावी, वीस-पंचवीस मीटर व्यासाची, हिरवी जाळी किंवा बांबूचे ताटवे लावून केलेली. चौकोनी आवारात शेळ्या कोपऱ्यात दाटतात, कुत्रा त्यांच्यावर चढून जातो आणि चावा घडतो. शेळ्या ज्यांच्या आहेत त्यांना दिवसाचा मोबदला ठरवून द्यावा आणि त्यांनाच सोबत उभे करावे, कारण शेळी केव्हा बुजली आणि केव्हा थकली हे त्यांना आपल्याआधी कळते.

तत्त्व सोपे आहे. घड्याळाच्या तबकडीच्या मध्यभागी शेळ्या आहेत, सहावर तुम्ही उभे आहात आणि बारावर कुत्रा आहे, अशी कल्पना करावी. हाकणाऱ्या कुत्र्याची उपजत इच्छा शेळ्या तुमच्याकडे आणण्याची असते, म्हणून तो तुमच्या बरोबर समोर राहू पाहतो. तुम्ही सहावरून आठकडे सरकलात, तर तो बारावरून दोनकडे जातो. तुम्ही मागे पावले टाकलीत, तर तो शेळ्यांना तुमच्यामागून आणतो. पहिले कित्येक दिवस कोणताही शब्द न वापरता केवळ आपल्या जागेने त्याला फिरवावे आणि फक्त ‘थांब’ एवढाच हुकूम द्यावा. सशावर कमावलेला तोच शब्द इथे कामी येतो, फक्त इथे बक्षीस वेगळे असते: थांबला की पुन्हा काम मिळते.

प्रत्येक शेळीभोवती बुजण्याचे एक अदृश्य अंतर असते. कुत्रा त्याच्या काठावर असला तर शेळ्या चालतात, आत घुसला तर उधळतात. नवखा कुत्रा नेहमी आत घुसतो आणि नवखा मालक नेहमी मध्येच धावतो. कोंढाळीकडच्या ज्या वयस्क शेळीवाल्यांकडे मी मैनेला घेऊन जात असे, ते तीन दिवस काहीच बोलले नाहीत, चौथ्या दिवशी तंबाखू मळत म्हणाले, “कुत्रं तुमचं हुशार हाये ताई, पन तुमीच मधात येऊन राह्यल्या.” त्या एका वाक्याने माझे दोन महिने वाचले.

वळण्याचे दोन हुकूम नंतर द्यावेत, एक घड्याळाच्या दिशेने फिरण्याचा आणि दुसरा उलट. इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये यासाठी ठरलेले शब्द आहेत, पण आपण मराठीच शब्द घ्यावेत, फक्त ते कानाला एकमेकांपासून वेगळे वाटले पाहिजेत. ‘डावे’ आणि ‘उजवे’ घेतल्यास मालकाचीच धांदल उडते. मी ‘फिर’ आणि ‘उलट’ वापरते. शेवटचा हुकूम ‘पुरे’. ‘पुरे’ म्हटल्यावर कुत्र्याने शेळ्या सोडून तुमच्याजवळ यावे आणि तुम्ही त्याला पाणी पाजून आवाराबाहेर न्यावे. सुरुवातीला एक बैठक पाच ते दहा मिनिटांची पुरते, आणि ती कुत्रा दमण्याआधी संपवावी, कारण दमलेला कुत्रा दात वापरू लागतो. चावा घडला तर आरडाओरडा न करता ‘थांब’, ‘पुरे’, आणि त्या दिवसाचे काम बंद.

नागपूरचे ऋतू आणि वाटेतले धोके

हे सारे नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात करावे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि दुहेरी केसांचा कॉली तेव्हा सकाळी सातनंतर रानात नेण्याच्या लायकीचा नसतो. तळहात पाच सेकंद जमिनीवर ठेवता आला नाही, तर कुत्र्याचे पंजेही ठेवू नयेत. उन्हाचा त्रास कमी व्हावा म्हणून त्याचे केस भादरण्याची चूक करू नये; केसांचा आतला थर उष्णतेलाही अडवतो. जीभ रुंद होऊन लोंबू लागली, लाळ चिकट झाली, हिरड्या लालभडक दिसल्या किंवा चाल लटपटली, तर ताबडतोब सावलीत नेऊन अंगावर नळाचे पाणी ओतावे, वारा घालावा आणि वाट न पाहता डॉक्टरांकडे निघावे.

पावसाळ्यात गोचिड्या वाढतात आणि त्यांच्यामुळे येणारा ताप नागपुरात सर्रास दिसतो. प्रत्येक फेरीनंतर कानांच्या आत आणि बोटांच्या बेचक्यांत पाहावे. पावसाळा सरल्यावर कुसळ वाळते. ही कुसळे पंजात, कानात, कधी डोळ्याच्या कोपऱ्यात शिरतात आणि एकाच दिशेने आत सरकत राहतात, त्यामुळे कुत्रा अचानक कान झटकू लागला तर ते दुर्लक्षू नये.

एक औषधी सूचना कॉली, शेटलंड शीपडॉग आणि त्यांच्या संकरांच्या मालकांनी कायम लक्षात ठेवावी. गुरांना आणि शेळ्यांना गोचिडी व खरजेवर सर्रास दिले जाणारे आयव्हरमेक्टिन हे औषध या जातींतल्या अनेक कुत्र्यांना विषासारखे बाधते, कारण एमडीआर-१ या जनुकातील दोषामुळे ते त्यांच्या मेंदूत शिरते. गोठ्यातली उरलेली सुई ‘कुत्र्यालाही देऊन टाका’ म्हणून कोणी देऊ केली, तर नम्रपणे नकार द्यावा. डॉक्टरांना जात स्पष्टपणे सांगावी. शंका असेल तर शहरात नागपूर पशुवैद्यक महाविद्यालय आहे, तिथे विचारावे.

वावरातला सर्वांत मोठा धोका मात्र माणसाने केलेला आहे. रानडुक्कर आणि रोही यांच्यापासून पीक वाचवण्यासाठी काहीजण धुऱ्यावर बेकायदा विजेची तार सोडतात. ती रात्री जिवंत असते आणि कधी सकाळी बंद करायची राहून जाते. त्यासोबत बिनकठड्याच्या विहिरी आहेत आणि गवतातली घोणस आहे. म्हणून अनोळखी वावरात पहाटे अंधारात शिरू नये आणि मालकाला आदल्या दिवशी ‘तार कुठे आहे’ असे सरळ विचारावे.

ससा बागेत येत असेल, किंवा कुत्र्याने धरलाच तर

संत्र्याच्या कोवळ्या कलमांची साल ससे कुरतडतात, हे काटोल-नरखेडकडच्या बागायतदारांना सांगायला नको. त्यासाठी कुत्रा सोडण्याऐवजी प्रत्येक कलमाभोवती दोन फूट उंचीची बारीक जाळी लावून तिची खालची कड मातीत दाबावी.

गवतात एकटे, निश्चल बसलेले सशाचे पिल्लू दिसले, तर ते अनाथ समजून उचलू नये. रानसशाची पिल्ले जन्मतःच केसाळ आणि उघड्या डोळ्यांची असतात, आई त्यांना एकेकटे ठेवून दूर चरते आणि दिवसातून थोडाच वेळ पाजायला येते. कुत्र्याला दोरीवर घेऊन, आल्या वाटेने मागे फिरावे.

सगळी काळजी घेऊनही कुत्र्याच्या तोंडात ससा आलाच, तर त्याच्यामागे धावू नये, कारण तो पळेल आणि दाबून धरेल. ‘थांब’ म्हणावे, मग ‘सोड’, आणि खाऊ पुढे करावा. ससा जिवंत पण जखमी असेल, तर जाड कापडात हलकेच गुंडाळून भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात ठेवावा. पाणी तोंडात ओतू नये. त्यानंतर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करून घडले ते जसेच्या तसे सांगावे. नागपुरात सेमिनरी हिल्सला वनविभागाचे ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, जिथे जखमी वन्यप्राण्यांवर उपचार होतात. कर्मचारी सांगतील त्याप्रमाणे ससा त्यांच्या स्वाधीन करावा. तो घरी ठेवून बरा करण्याचा प्रयत्न करू नये. आणि मेलेला असेल तरीही हाच फोन करावा, कारण मेलेला ससा शासनाच्या मालकीचा असतो आणि तो पुरणे किंवा घरी नेणे, दोन्ही तुम्हाला अडचणीत आणते.